आभाळ कापलेला पट

मित्रांनो, आपली हकिगत सांगणाऱ्या वस्तूनं आधी आपलं वय सांगावं, अशी रीत आहे. मी एक जुना चिनी पट आहे. पट म्हणजे गुंडाळून नळीत ठेवता येतं असं लांबट चित्र. आता ‘जुना’ हा शब्द मी जरा भीत भीतच वापरला. आमच्या कुळात हजार हजार वर्षांचे आजोबा अजून ताठ आहेत, त्यांच्यापुढे मी कालचं पोर. पण हडपसरच्या एका हॉलमध्ये पंख्याची धूळ आणि फोडणीचा धूर खाऊन माझा रंग असा काही उतरला आहे, की येणारा जाणारा मला जुनाच समजतो. मीही मग समजू देतो. तेवढाच मान मिळतो.

जन्मलो तेव्हा मी कसा होतो ते आधी ऐका. माझ्यात रंग नव्हते, नुसती काळी शाई. खाली एक ओढा, ओढ्यावर लाकडी पूल. पुलावर काखेत बोचकं धरलेला एक माणूस, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या पुढे डोंगरावर चढत गेलेली पायवाट. आणि डोंगराच्या वर काही नाही. निम्मा पट कोरा. त्या कोऱ्या जागेत धुकं होतं. ज्याला दिसे त्याला दिसे. ज्याला दिसत नसे त्याला वाटे, चित्रकाराची शाई संपली असावी. या एवढ्याशा गोष्टीवरून एका बापलेकात अंतर पडलं, आणि तिच्यामुळेच माणसांच्या मेंदूत काय चालतं ते बघण्याचं भाग्य मला लाभलं. भिंतीवरच्या किती चित्रांना हे मिळतं, सांगा बरं?

माझा जन्म चीनमधल्या हांगझोऊ गावचा. झाडाच्या सालीपासून केलेला मऊ कागद ही माझी काया. एका म्हाताऱ्या चित्रकारानं दगडावर पाणी घालून शाई उगाळली आणि आधी डोंगर काढले. माणूस अजून काढायचा होता. तेव्हा दुकानात समाधान आला. समाधान हा हडपसरच्या एका कंपनीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्या दिवसांत पुण्याच्या पोरांना कंपन्या कुठं कुठं पाठवत होत्या. कुणी अमेरिकेला, कुणी जर्मनीला, आणि समाधानच्या नशिबी चीन आला. दर रविवारी तो दुकानात येऊन नुसता बघत उभा राहायचा. एकदा मात्र त्यानं कंपनीतल्या एका चिनी मित्राला दुभाष्या म्हणून बरोबर आणलं.

“माझ्या बाबांसाठी चित्र हवंय,” तो म्हणाला. “लहानपणी ते डोंगर ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत जायचे. आपल्या गावच्या शाळेत त्यांना वर्गाबाहेर बसवायचे म्हणून. काखेत दप्तराचं बोचकं असायचं. हे चित्रात येईल का?”

म्हाताऱ्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पूल काढला आणि पुलावर तो माणूस काढला. चार-दोन फटकाऱ्यांत संपलंसुद्धा.

समाधानचं तोंड उतरलं. “एवढासा? जरा मोठा काढा ना.”

दुभाष्यानं म्हाताऱ्यांचं उत्तर सांगितलं, “ते म्हणतात, मोठा काढला तर चालेल कुठे? एवढी जागा त्याच्यासाठीच तर ठेवली आहे.”

समाधाननं पुन्हा बघितलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला खळ लावून मागं कागद चढवला गेला, वर-खाली लाकडी दांडे बसले आणि माझी रवानगी पुण्याला झाली.

आता घरच्या मंडळींची ओळख करून देतो. समाधानचे वडील रामदास. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, खडकवासल्याच्या ऑफिसात उमर गेलेली. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. आई म्हणजे सुंदराबाई. आणि धाकटी दीक्षा, तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. घर बौद्ध. हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या मोठ्या तसबिरी. दोन्ही चेहरे थेट तुमच्याकडे बघणारे.

समाधाननं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की चीनहून चित्र आणतोय. चीन म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? बुद्धाची भूमी बघायला डोंगर-वाळवंटं तुडवत आलेल्या चिनी भिक्खूंबद्दल त्यांनी वाचलं होतं. त्यांनी मनाशी पक्कं ठरवूनच टाकलं, मुलगा चीनहून बुद्ध आणतोय. मग काय! आईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं मांडली. शेजारपाजाऱ्यांना सांगावा गेला. गल्लीतल्या उत्तरेश्वरकाकांना तो गेला नव्हता, पण त्यांना कुठल्याच कार्यक्रमाला आमंत्रण लागत नसे.

सगळे हात जोडून उभे राहिले. समाधान बिचारा दारातून आत आला आणि ही तयारी बघून जागच्या जागी थिजला. पण आता माघार कशी घेणार? त्यानं वरचा दांडा खिळ्याला अडकवला आणि मला हळूहळू खाली सोडायला लागला. पट वरून खाली उलगडतो, मित्रांनो. त्यामुळे आधी कोरं आलं. मग आणखी कोरं आलं. लोक हात जोडून वाट बघताहेत आणि मी आपला कोराच कोरा!

“आणखी सोड,” आई म्हणाल्या.

“उलटा तर न्हाई ना धरला?” कोणीतरी पुटपुटलं.

शेवटी डोंगर आले, ओढा आला आणि खालचा दांडा भिंतीवर आपटून थांबला. उत्तरेश्वरकाकांनी जोडलेले हात सोडले. “समाधान, नळीत अजून काही राहिलंय का, बघ रे.”

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. “बुद्ध कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“बाबा, हे निसर्गाचं चित्र आहे.”

बाबांनी चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं. “आणि हा कोण? मुंगी आहे का माणूस?”

“माणूस.”

“तिकडं माणसाची किंमत एवढीच का?”

पुन्हा हशा पिकला. समाधानच्या ओठांवर एक वाक्य आलेलं मी बघितलं. हा माणूस तुम्ही आहात, हे ते वाक्य. पण हसणाऱ्या लोकांपुढे ते त्याच्या तोंडून फुटेना. त्यानं ते गिळलं, चहा घेतला आणि दोन दिवसांनी तो चीनला परत गेला. मी मात्र गुंडाळला जाऊन कपाटावर पडलो, जुन्या सुटकेसच्या शेजारी. एवढा प्रवास करून हे फळ! मला वाईट वाटलं, ते काय लपवायचं?

त्यानंतर फोन यायचे. समाधान विचारायचा, “लावलं का?” बाबा म्हणायचे, “लावू.” मग समाधान विचारायचा, “जेवलात का?” आणि बाबा म्हणायचे, “जेवलो.” बोलणं संपलं. आधी हेच दोघं ऑफिसातल्या राजकारणापासून धरणाच्या पाण्यापर्यंत तास तास बोलत असत. समाधानला वाटलं, आपण मनापासून आणलेलं बाबांनी धुडकावलं. बाबांना वाटलं, पोरगा परदेशात जाऊन आपलं मन विसरला. दोघंही एकमेकांना काही विचारेनात. विचारलं असतं तर माझी ही हकिगतच झाली नसती.

एका दुपारी आईंनी विषय काढला. “पोरानं एवढ्या लांबून आणलंय. असं कपाटावर टाकलेलं बरं दिसतंय का?”

बाबा म्हणाले, “अगं, आमच्या आबांचा एकच फोटो आहे. गावच्या शाळेच्या उद्घाटनाचा. पुढं खुर्च्यांवर सगळे गावकरी बसलेत, फेटे बांधून. त्या शाळेच्या पायाचे दगड आबांनी वाहिले होते. आणि फोटोत आबा कुठं? पार मागं, लिंबाखाली. नखाएवढे. भिंग लावलं तरी चेहरा दिसत नाही. माझ्या बापाचा चेहरा मला आठवावा लागतो, बघता येत नाही. माणूस असा बारीक करून कोपऱ्यात उभा केलेला मला बघवत नाही गं.”

कपाटावरून मी हे ऐकलं आणि माझा राग निम्मा उतरला. मित्रांनो, मी तोवर समजत होतो की या माणसाला चित्रातलं काही कळत नाही. त्यांना कळत होतं, पण दुसरंच काही. माझ्या जन्मगावी लहान माणूस म्हणजे मोकळा माणूस. या घरात लहान माणूस म्हणजे मागं ढकललेला माणूस. चित्र एकच, आणि बघणारी माणसं दोन तऱ्हांची. याचं मला मोठं कुतूहल वाटलं, आणि ते आजतागायत गेलेलं नाही.

तरी मुलाचं मन मोडायचं नाही, म्हणून बाबांनी एक तोड काढली. मला काखेत मारून ते गाडीतळाजवळच्या रंगनाथ फ्रेमवाल्याकडे गेले. रंगनाथनं मला फळीवर पसरलं आणि डोक्याला हात लावला.

“साहेब, ही काय उंची आहे का काय! दरवाजाच झाला हा. एवढी काच कुठून आणू? एक काम करू. वरचं कोरं कापून टाकू, डोंगराचे शेंडे जातील तेवढेच. तिथं काय नाहीच आहे. माणूस बरोबर मधे येईल.”

“मधे येईल?” बाबांचे डोळे चमकले.

“एकदम मधोमध. आणि मोठापण दिसेल.”

“मग कापा.”

पट्टी लागली, ब्लेड फिरलं. दुखलं, मित्रांनो. फार दुखलं. माझं धुकं, माझे वरचे डोंगर आणि त्यात शिरणारी पायवाट, सगळं एका फटक्यात वेगळं झालं. रंगनाथनं त्या तुकड्याचा बोळा केला आणि त्यानंच माझ्यावर बसवायची काच पुसली. माणूस कामाला मोठा चोख, कचऱ्याचाही उपयोग करणारा. आणि बाबा? बाबा खुश होते. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण या माणसाला कोपऱ्यातून उचलून मानानं मधे बसवलं. ज्या हातांनी माझं आभाळ गेलं, ते हात मायेचे होते. म्हणून मला धड रडताही येईना.

सोनेरी पट्टीची चौकट मिळाल्यावर माझा भाव एकदम वधारला. मी हॉलमध्ये लागलो. पाहुणे म्हणायचे, “वा, काय झकास आहे! महाबळेश्वर का?” बाबा ऐटीत सांगायचे, “चीन.” त्यांनी फोनवर समाधानलाही सांगितलं, “लावलं रे. चांगली फ्रेम केलीय.” पलीकडून समाधानचा आवाज खुलला. पण फ्रेम कशी केली, हे त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. घरात कुणालाच काही खटकलं नव्हतं. दीक्षालासुद्धा नाही. तिनं मला अख्खा बघितला होता, पण अर्धा झालेला बघून ती एवढंच म्हणाली, “आता बरं दिसतंय.”

आणि तीच दीक्षा मला एक दिवस चादरीत गुंडाळून रिक्षानं कॉलेजात घेऊन गेली.

तिला एम.ए.साठी प्रयोग करायचा होता. विषय असा, की चिनी पद्धतीची जुन्या वळणाची चित्रं बघताना चीनमध्ये वाढलेल्या माणसाचा मेंदू आणि पुण्यात वाढलेल्या माणसाचा मेंदू सारखाच वागतो की वेगळा? पुण्यात शिकायला आलेली काही चिनी मुलं तिनं गाठली होती. बाकीची चित्रं पुस्तकांतून घेतली आणि एक घरचं म्हणून मला आणलं. तिच्या मार्गदर्शक हेमा मॅडम दारातच उभ्या होत्या. दीक्षाची धडपड बघून त्या शांतपणे म्हणाल्या, “सावकाश. तुम्ही पडलात तर दुसरी विद्यार्थिनी मिळेल. चित्र एकच आहे.”

माझा फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवला आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. मग मी जे बघितलं, ते काय वर्णावं! बघणाऱ्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची. मेंदूत बारीक बारीक विजेचे तरंग उठतात, ते टोपी टिपते आणि पडद्यावर नागमोडी रेघा धावू लागतात. शिवाय नजर कुठं कुठं जाते ते टिपणारा एक कॅमेरा. नजर फिरेल तसा चित्रावर लाल ठिपका फिरतो. आजवर लोक मला बघायचे. आता मी त्यांचं बघणं बघत होतो!

पुण्याची मुलं मोकळी जागा असलेलं चित्र आलं की चुळबुळायची. ठिपका माणूस नाहीतर झाड शोधायचा, कोऱ्या जागेवर क्षणभर टेकायचा आणि पळून यायचा. रेघा सांगायच्या, की मेंदू काहीतरी हुडकतोय आणि ते सापडत नाहीये. माझं चित्र आलं की मात्र सगळी निवांत. माणूस मधे, मामला संपला. चिनी मुलांचं नेमकं उलटं. कोऱ्या जागेत त्यांची नजर सावलीत बसावं तशी बसायची, रेघा संथ व्हायच्या. आणि माझं चित्र आलं की रेघा दचकायच्या.

दीक्षाला वाटलं, टोपी बिघडली. तिनं टोपी धुतली, तारा तपासल्या, पुन्हा प्रयोग केला. पुन्हा तेच. शेवटी तिनं लिन नावाच्या मुलीला सरळ विचारलं, “या चित्राशी तुझं काय भांडण आहे?”

लिन पुण्यात इंग्रजी शिकत होती. जमेल तसं ती म्हणाली, “या माणसाला कोंडून ठेवलंय. वर काहीतरी होतं ना? कुणी कापलं?”

दीक्षाचा चेहरा लाल झाला. ती कितीतरी वेळ माझ्यासमोर उकिडवी बसली. “मॅडम, मी हे अख्खं बघितलं होतं. मग कापल्यावर मला काहीच कसं वाटलं नाही? माझा मेंदू निराळा आहे का?”

“मेंदूत देश दिसत नाही, दीक्षा. सवय दिसते,” हेमा मॅडम म्हणाल्या. “घरात भिंतीवर काय होतं, कुणी कुठं बघायला शिकवलं, कशाला महत्त्वाचं म्हटलं. ते सगळं डोळ्यांच्या मागं जाऊन बसतं. मग आपण म्हणतो, मला असंच दिसतं. आणि सवय म्हटली की ती बदलतेही.”

दीक्षानं भावाला ईमेल करून अख्ख्या पटाचा फोटो मागवला. त्यानं दुकानातच काढलेला होता, तो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘फोटो कशाला? चित्र तर घरीच आहे ना?’ तिनं त्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. लिनला तिनं अख्खं चित्र दाखवलं आणि तिच्या नजरेची वाट साठवून ठेवली.

संध्याकाळी बाबा मला न्यायला आले. टोपी बघून त्यांना राहवलं नाही. “माझंही बघा की काय निघतं ते.”

“डोक्याला जेल लागेल. केस धुवावे लागतील,” हेमा मॅडम म्हणाल्या.

“केस आहेत कुठे आता?” बाबा खुर्चीत बसले आणि टोपी चढवताना गंभीर होऊन म्हणाले, “मॅडम, यात जात दिसते का हो?”

“नाही दिसत. आणि दाखवणारं यंत्र कुणी काढलंच, तर मी नोकरी सोडीन.”

बाबा निश्चिंत होऊन मागं टेकले. दीक्षानं त्यांना पडद्यावर अख्ख्या पटाचा फोटो दाखवला, मग त्यांच्या नजरेचा ठिपका त्यांनाच दाखवला. ठिपका धावत माणसापाशी गेला आणि तिथंच बसला. जरा खाली पायांशी आला, पुन्हा चेहऱ्याशी गेला. तिथं चेहरा नव्हता, शाईचा एक ठिपका होता. तरी बाबांची नजर तो शोधत राहिली. वर ती एकदाही गेली नाही.

“आता ही लिनची नजर,” दीक्षा म्हणाली.

लिनची नजर धुक्यातून खाली आली. डोंगरावर थोडी रेंगाळली, पायवाट धरून पुलावर उतरली, माणसापाशी थांबली. मग परत फिरली आणि त्याच पायवाटेनं चढू लागली. एक वळण, दुसरं वळण. बाबा खुर्चीत पुढं सरकले.

“ही कुठं चाललीय?”

“वर, बाबा.”

“वर काय आहे?”

दीक्षानं मान खाली घातली. “आपण कापलं ते.”

लाल ठिपका धुक्यात शिरला आणि तिथंच हळूहळू फिरत राहिला. बाबांनी तो शेवटपर्यंत बघितला. मग त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, काचेवरून हात फिरवला आणि मला चादरीत गुंडाळलं. घरी येताना रिक्षात त्यांनी मला मांडीवर उभा धरला होता.

बुद्ध पौर्णिमेला समाधान येणार होता. आई म्हणाल्या, “ते चित्र काढून ठेवा. सांगू त्याला, दुरुस्तीला दिलंय म्हणून.”

“रोज पंचशील म्हणतो ना आपण?” बाबा म्हणाले. “खोटं बोलायचं नाही. राहू दे तिथंच.”

पण त्या दिवसांत ते जेवायला बसत आणि अर्ध्यातून उठत. मुलगा आधीच दुरावला होता. हे बघून तो उलट पावली गेला तर? मला त्यांची फार काळजी वाटत होती. माझं तर आभाळ गेलंच होतं, त्यांचा मुलगा जाऊ नये एवढंच मी मनात म्हणत होतो.

समाधान आला. बॅग खाली ठेवली, तसबिरींना वंदन केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. तो जवळ आला आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवून उभा राहिला.

“वरचं कुठे गेलं?”

“कापलं,” बाबा म्हणाले. “मी कापायला लावलं. कुणाचा दोष नाही, माझा आहे.” आणि मग उभ्या उभ्याच त्यांनी मुलाला आबांच्या फोटोची गोष्ट सांगितली. लिंबाखालच्या नखाएवढ्या आबांची. समाधाननं ती जन्मात पहिल्यांदा ऐकली. “तू आणलेल्या चित्रात पुन्हा तसाच माणूस दिसला. मला वाटलं, तू विसरलास.”

समाधाननं काचेवरून पुलावरच्या माणसावर बोट टेकवलं. “बाबा, तो माणूस तुम्ही आहात.”

मग त्याचं बोट बोचक्यावर सरकलं.

“त्या बोचक्यात तुमचं दप्तर आहे. डोंगर ओलांडून शाळेला चाललाय तो. मीपण त्या चित्रकारांना म्हणालो होतो, एवढासा का, मोठा काढा. तर ते म्हणाले, मोठा काढला तर चालेल कुठे? एवढी जागा त्याच्यासाठीच ठेवली आहे.”

बाबा माझ्याजवळ आले. पुलावरच्या माणसाकडे त्यांनी बघितलं. मग त्यांची नजर पायवाटेवर चढली, एक वळण घेतलं, आणि सोनेरी पट्टीला येऊन धडकली. टोपी नव्हती, कॅमेरा नव्हता, पण मला ती नजर अगदी स्वच्छ दिसली.

“तरीच ती पोरगी वर चालली होती,” ते म्हणाले. “म्हणजे मी माझीच वाट कापली रे.”

“मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मी विचारायला हवं होतं. मुंगी म्हणालो मी.” हुंदका देता देता बाबांना हसू आलं. “स्वतःलाच म्हणालो!”

मग बापलेक दोघंही हसले आणि रडले, कुठलं किती ते मला नीट सांगता येणार नाही. आईंनी डोळे पुसत खिरीच्या वाट्या आणल्या. त्या दुपारी ते दोघं जे बोलत बसले, ते दिवे लागले तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघांनी शिवाजीनगरला जाऊन हातकागदाचा मोठा ताव आणला आणि मला घेऊन रंगनाथचं दुकान गाठलं.

“हा कागद वरून जोडायचा,” बाबा म्हणाले.

रंगनाथनं ताव उलटा-सुलटा करून बघितला. “यावर काय काढायचंय?”

“काही नाही.”

“साहेब, कोरं होतं ते कापून नेलंत. आता कोरं जोडायला आलात. उन्हाळा जरा जास्तच आहे यंदा.”

“असू दे. चौकटही काढा. काच नको. दांडे लावा.”

रंगनाथ मनाशी पुटपुटत कामाला लागला, पण काम त्यानं जीव लावून केलं. गेलेले डोंगर परत आले नाहीत, मित्रांनो. जी शाई काच पुसण्यात गेली ती गेली. जोड आजही दिसतो. खालचा कागद पिवळा, वरचा जरा पांढरा आणि खरबरीत. पायवाट जोडापर्यंत येते आणि पुढं नुसतं कोरं. कॉलेज संपवून चीनला परतण्याआधी लिन मला बघायला आली होती. जोडावरून बोट फिरवून ती हसली आणि मग बराच वेळ वर बघत राहिली. दीक्षाही तिच्या शेजारी उभी राहून बघत होती. लिननं विचारलं, “दिसतं का काही?” दीक्षा म्हणाली, “अजून नाही. पण आता बघावंसं वाटतं.”

मित्रांनो, मला तुमच्याकडे एवढंच मागायचं आहे. परक्या घरचं काही समोर आलं, चित्र असो, गाणं असो नाहीतर माणूस, आणि तुम्हाला वाटलं की यात काही नाहीच, तर लगेच ब्लेड उचलू नका. ज्यानं ते आणलं त्याला आधी विचारा. तो सांगायला संकोचत असेल, तर हसणारे लोक घरी गेल्यावर विचारा.

माझं म्हणाल, तर मी सुखी आहे. माझा ओढा चीनचा आहे, माणूस कात्रजच्या डोंगरापलीकडचा आहे, आणि आता माझं आभाळ पुण्याचं आहे. सकाळी चहाचा कप घेऊन बाबा समोर बसतात आणि पायवाटेनं नजर वर वर नेत राहतात. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला. समाधानचा फोन आला की तो विचारतो, “काय करताय?”

बाबा म्हणतात, “चाललोय.”